मदत हवी आहे: प्रेसवर भावाची तीन बोटं गेली, भरपाईसाठी कुठला वकील धरावा?

नमस्कार. धागा लांबणार आहे, पण एखादी गोष्ट राहून गेली तर सल्लाही चुकेल अशी भीती वाटते, म्हणून सगळं लिहिते.

माझा धाकटा भाऊ, वय २७, भोसरी एमआयडीसीत एका लहान प्रेस शॉपमध्ये (मशीनने दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात) ऑपरेटर होता. १० फेब्रुवारी २०२५ ला रात्रपाळीत जॉब (दाबून झालेला भाग) काढताना प्रेस दुसऱ्यांदा पडली. उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली आहे. आता शर्टाचं वरचं बटण लावायला आईला हाक मारतो. जेवताना चमचा डाव्या हातात धरतो आणि पाहुणे आले की आधी आत जाऊन जेवून घेतो.

त्या प्रेसला दोन हातांनी दाबायची बटणं होती. दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, यासाठीच ती असतात. पण माल लवकर निघावा म्हणून एका बटणात रबराचा तुकडा ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. भाऊ कामाला लागला तेव्हापासून ते तसंच होतं. प्रेस डबल मारते, हे त्याने आठवडाभर आधीपासून सुपरवायझरला सांगितलं होतं, पण तोंडीच.

पगार १४,५००. त्यातले ९,००० बँकेत यायचे, बाकीचे पाकिटात. दोन्ही पाळ्या मिळून १७ माणसं काम करतात, पण कागदावर ८ आहेत. भावाचं नाव ठेकेदाराच्या यादीत आहे.

दवाखान्याचं पहिलं बिल मालकाने भरलं, नंतर ५०,००० दिले. हाताला बँडेज असतानाच ऑफिसचा माणूस येऊन पाच-सहा कागदांवर सह्या घेऊन गेला. "विम्यासाठी लागतात" म्हणाला. भावाने डाव्या हाताने कशाबशा केल्या. पुढे मालकाने फोन उचलणं बंद केलं, म्हणून ओळखीतून एक वकील गाठले आणि नोटीस पाठवली. मालकाच्या वकिलाचं उत्तर आलं: बटण कामगारानेच बिघडवलं, तशी लेखी सूचना त्याला आधीच दिली होती, शिवाय ५०,००० घेऊन त्याने हिशोब मिटवला आहे. सोबत दोन झेरॉक्स जोडल्या होत्या.

त्यातला सूचनेचा कागद मी रात्री परत काढून बघितला. "सुरक्षा साधन काढू नये, काढल्यास जबाबदारी माझी राहील." खाली भावाची सही आणि तारीख ४ जानेवारी २०२५. म्हणजे अपघाताच्या आधीची. पण सही डाव्या हाताची आहे! शेवटचं अक्षर ओळीच्या खाली घसरलंय, वेलांटी उलटी गेली आहे. बँकेच्या फॉर्मवरची त्याची जुनी सही शेजारी ठेवली तर लहान मूलसुद्धा फरक सांगेल. जानेवारीत त्याचा उजवा हात धडधाकट होता, मग तो डाव्या हाताने सही का करेल?

हे मी आमच्या वकिलांना दाखवलं. कागदाकडे न बघताच म्हणाले, "ताई, त्याचं काही नाही, मी बघतो." ते कामगार न्यायालयात दावा लावू म्हणतात, आणि जी रक्कम मिळेल तिचे २५ टक्के मागतात. वकीलपत्रावर सही झाली आहे, मूळ डिस्चार्ज कार्डही त्यांच्याकडेच आहे.

दुसऱ्या एका वकिलांना भेटले. त्यांनी टप्प्याटप्प्याने २०,००० सांगितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहे का?" मग कळलं की भावाचा ईएसआय नंबर १३ फेब्रुवारीला, अपघातानंतर तीन दिवसांनी काढलेला आहे. ते म्हणाले, मग कामगार न्यायालयातला दावा टिकणार नाही. पहिले म्हणतात, नंतर काढलेला नंबर चालतच नाही, बिनधास्त दावा लावा.

मी पतसंस्थेत कारकून आहे, त्यामुळे आकडेमोड करून पाहिली. १९२३ च्या भरपाई कायद्याप्रमाणे पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक (२७ वर्षांना २१३.५७), आणि एका हाताची तीन बोटं गेल्यास त्याचे ३० टक्के. १४,५०० धरले तर साधारण ५ लाख ५७ हजार, ९,००० धरले तर ३ लाख ४६ हजार. फरक दोन लाखांच्या वर आहे, आणि पाकिटातल्या पैशाचा पुरावा आमच्याकडे नाही.

दोघांपैकी कोण बरोबर आहे? वकील बदलायचा तर कसा? आणि त्या सहीचं काय करू? कृपया ज्यांनी हे स्वतः केलं आहे किंवा ज्यांना कायदा माहीत आहे त्यांनी सांगा.

प्रतिसाद १
ताई, वाचून फार वाईट वाटलं. एकच सांगतो, ती सहीची गोष्ट मालकापर्यंत जाऊ देऊ नका. कुणाशी फोनवरही बोलू नका.

प्रतिसाद २
मी कामगार संघटनेत बरीच वर्षं अशा केसेस बघतो. दुसरे वकील बरोबर आहेत.

१० किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत, म्हणजे तुमच्या भावाला ईएसआय लागू होतोच. ठेकेदाराचा माणूस असला तरी होतो. आणि ज्याला तो लागू आहे त्याला १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, ईएसआय कायद्याचं कलम ५३ तसं स्पष्ट सांगतं. नंबर अपघातानंतर काढला म्हणून हक्क जात नाही. ज्याची वर्गणी भरायला हवी होती तो विमाधारकच, मग मालकाने ती भरलेली असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली भारगथ इंजिनिअरिंगच्या निकालात हेच सांगितलं. तिथेही कामगाराची नोंदणी अपघाताआधी झालेली नव्हती. वर्गणी मालकाकडून वसूल करणं हे ईएसआय महामंडळाचं काम, त्याची झळ कामगाराला नाही.

कामगार न्यायालयात दावा लावलात तर मालकाचा वकील दोन वर्षांनी उठून हेच कलम ५३ दाखवेल. मी अशी माणसं बघितली आहेत, वर्षं गेली आणि हातात काही नाही.

ईएसआयमध्ये एकरकमी मिळत नाही, दरमहा मिळतं आणि आयुष्यभर मिळतं. ढोबळ हिशोब म्हणजे पगाराच्या ९० टक्क्यांचे ३० टक्के. १४,५०० मान्य झाले तर महिना ३,९०० च्या आसपास, ९,००० धरले तर २,४०० च्या आसपास. जखम भरेपर्यंतच्या दिवसांचे ९० टक्क्यांनी वेगळे. अपंगत्व किती ते मेडिकल बोर्ड ठरवतं, ते पटलं नाही तर अपील आहे. म्हणून पगाराचा मुद्दा तिथेही तितकाच महत्त्वाचा. पाकिटातल्या पैशासाठी सोबतच्या दोन कामगारांचे जबाब आणि तुमच्या भावाचं बँक खातं बघा. पाकीट मिळाल्यावर दर महिन्याला काही रक्कम खात्यात भरायचा का तो? तसं असेल तर ते सोनं आहे.

बटणाबद्दल: ईएसआय कायद्याचं कलम ५१ब वाचा. नियम मोडून काम करताना अपघात झाला, तरी ते काम मालकाच्या धंद्यासाठी चाललं असेल तर तो कामावरचाच अपघात. १९२३ च्या कायद्यात "कामगारानेच सुरक्षा साधन काढलं" हा बचाव मालकाला जास्त उपयोगी पडतो, कारण तो फक्त मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व असेल तेव्हा चालत नाही, आणि बोटं जाणं हे अंशतः अपंगत्व आहे.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात तुम्ही स्वतः अर्ज द्या. अपघाताची तारीख, वेळ, पाळी, कुठलं मशीन, साक्षीदार कोण, सगळं लिहा. झेरॉक्सवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "लागू नाही" असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा, कारण तो नकार हातात असेल तर १९२३ च्या दाव्याला आधार मिळतो. त्या कायद्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे फेब्रुवारी २०२७. ती तारीख विसरू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, पण तुमचा अपघात आधीचा आहे, त्यामुळे जुन्याच कायद्यांवर बोला.

प्रतिसाद ३
वकिलांबद्दल लिहिते, मी स्वतः वकिली करते.

रकमेतला वाटा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी बंदी आहे. २५ टक्के मागणं चुकीचंच आहे, तुम्ही बांधील नाही. वकील बदलण्यासाठी त्यांना लेखी पत्र द्या, रजिस्टर्ड पोस्टाने, आणि मूळ कागद परत मागा. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा आर. डी. सक्सेना निकाल त्यावरच आहे. तरी आधी शांतपणे जाऊन मागा. बहुतेकदा तेवढ्यात काम होतं.

पैसे नसतील तर पुण्यात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. औद्योगिक कामगाराला तिथे वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

५०,००० च्या पावतीला घाबरू नका. कामगाराने हक्क सोडून दिला असं लिहून घेतलं तरी १९२३ च्या कलम १७ प्रमाणे ते रद्दबातल असतं.

सहीबद्दल: झेरॉक्सवरून काही सिद्ध होत नाही, मूळ कागद लागेल. तो मालकाकडून हजर करून घ्यायचा, मग हस्ताक्षर तज्ज्ञ. त्यासाठी अपघाताआधीच्या पाच-सहा सह्या गोळा करा: बँक, पीएफ, भाडेकरार, गॅस कनेक्शन. भावाला आत्ता डाव्या हाताने सराव करायला लावू नका, त्याची सही आता सुधारली तर तुमचाच पुरावा पातळ होईल. आणि वकील निवडताना दोन झेरॉक्स समोर ठेवा, काही बोलू नका. तारीख आणि सही यांतली विसंगती ज्याला आपणहून दिसेल त्याला काम द्या. मला तरी हीच कसोटी योग्य वाटते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या वकिलांकडे गेले आणि दोन्ही कागद समोर ठेवून गप्प बसले. त्यांनी चष्मा काढून कागद जवळ धरला आणि विचारलं, "तुमचा भाऊ डावखुरा आहे का?" मला तिथेच रडू आलं. काम त्यांनाच दिलं आहे.

आज शाखा कार्यालयात अर्ज दिला, शिक्का घेतला. खात्याच्या पासबुकात दर महिन्याच्या ८ ते १२ तारखेच्या दरम्यान चार-पाच हजार रोख भरलेले दिसतात. भाऊ म्हणाला, आईच्या औषधाचे पैसे वेगळे राहावेत म्हणून भरायचो. जुन्या सह्या तीन ठिकाणच्या मिळाल्या आहेत.

डिस्चार्ज कार्ड अजून आलं नाही, सोमवारी पुन्हा जाते. प्रतिसाद २ देणाऱ्या दादांना एक विचारायचं आहे: मेडिकल बोर्डासमोर जाताना भावाने काय काय सोबत न्यावं? तो फार कमी बोलतो. हात दाखवायला सांगितलं तरी खिशातून काढत नाही.