माध्यमिक वर्गातील दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठी पुन्हा बी.एड. करावे का?

प्रश्न (चोपडा तालुका):
विज्ञानाची पदवी आणि नेहमीचे बी.एड. पूर्ण करून मी माध्यमिक शाळेत शिकवते. नववीच्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेला एक विद्यार्थी आहे; धडा सोपा करून सांगण्यापलीकडे त्याच्यासाठी काय करावे, हे मला उमगत नाही. विशेष शिक्षणाकडे वळायचे असल्यास पुन्हा बी.एड. करावे लागेल का?

उत्तर (जळगाव, विशेष शिक्षक):
वेगळे प्रशिक्षण घ्यावेच लागेल. भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवणे 1992 च्या कायद्यानुसार आवश्यक आहे आणि नेहमीचे बी.एड. त्याऐवजी चालत नाही. माध्यमिक स्तरासाठी दोन वर्षांचे बी.एड. (विशेष शिक्षण) असते, त्यात बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष असे एक विशेषीकरण घ्यावे लागते. जाहिरातीवर विसंबून शुल्क भरू नका. निवडलेल्या विशेषीकरणाला मान्यता आहे ना, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

उत्तर (धुळे, विशेष शाळेतील शिक्षिका):
हे बरोबर आहे, पण पदवीपेक्षा सराव कोणत्या वयाच्या मुलांबरोबर मिळणार, हे आधी विचारा, कारण सहा वर्षांच्या मुलांबरोबर केलेला सराव पंधराव्या वर्षी फारसा उपयोगी पडत नाही. या वयात वैयक्तिक शैक्षणिक योजनेत (त्या एका मुलासाठी आखलेल्या शिकवण्याच्या योजनेत) मासिक पाळीतील स्वच्छता, शरीराची खासगीयता, नको असलेल्या स्पर्शाला नकार देणे, बाजारात सुटे पैसे मोजून घेणे आणि एकट्याने एसटीने जाणे यांना बीजगणिताइतकीच जागा द्यावी लागते. पालकांना हे पटवणे, खरे सांगायचे तर, मुलाला शिकवण्यापेक्षा अवघड जाते. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या सूचना अहिराणीतच द्याव्यात.

उत्तर (नंदुरबार):
एका विशेषीकरणात अडकून राहू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही समावेश आहे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात असे विद्यार्थी भेटतात. त्यांना सोपा धडा नको असतो. वेदनांमुळे बुडालेले तास भरून काढणे, वर्गात पाणी पिण्याची मुभा आणि थंडीत मैदानावरून सूट, एवढे पुरते.
तुमच्या विद्यार्थ्याच्या पालकांना आणखी एक गोष्ट आत्ताच सांगा. अठरा वर्षांनंतर आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप चालू राहत नाही; गरज असल्यास 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.