तिसरीच्या मुलांना कचऱ्याबद्दल शिकवायचंय, घोषवाक्यं आणि पोस्टर सोडून काय करता येईल?

तिसरीच्या बाई

कोथरूडमधली अनुदानित शाळा, तिसरीच्या दोन तुकड्या, मिळून ७० मुलं. ‘ओला कचरा, सुका कचरा’ तोंडपाठ आहे, पेपरात बरोबर लिहितात. तरी मधल्या सुट्टीनंतर मैदानावर चिप्सची पाकिटं आणि चॉकलेटचे कागद पडलेले असतातच. परिसर अभ्यासाचे आठवड्याला दोन तास देता येतील, साधारण दीड महिना. खताची बादली ठेवायला मुख्याध्यापक तयार आहेत, पण वास येता कामा नये. खर्च हजाराच्या आत. काही पालकांचं म्हणणं आहे की रॅपर बाटलीत ठासून ‘विटा’ करून घ्याव्यात. ते कितपत बरं?

मोजपट्टी

बाई, आधी नकाशा करा. मैदानाचे ५ मीटर लांब-रुंद चौकोन पाडा. तिसरीतल्या मुलाच्या साधारण दहा पावलांत ५ मीटर होतात, त्यामुळे टेप लागत नाही. रेघा फक्कीने मारा. एका चौकोनाला तीन मुलं: एक चिमट्याने उचलणार, एक मोजणार, एक लिहिणार. हातमोजे मोठ्यांच्या मापाचे मिळतात आणि या वयात हातातून निसटतात, म्हणून चिमटाच बरा. काच, ब्लेड, सुई दिसली तर मुलांनी फक्त हात वर करायचा, उचलायचं तुम्ही. नंतर सगळ्यांचे हात साबणाने.

मंगळवार-बुधवार घ्या. शनिवारी अर्धी शाळा, मधली सुट्टी छोटी, आकडे कमी येतात आणि तुलना फसते. झाडणाऱ्या मावशींना त्या दोन दिवसांपुरतं आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलं पोचेपर्यंत मैदान साफ झालेलं असतं.

वजन करू नका, नग मोजा. चिप्सच्या छोट्या रिकाम्या पाकिटाचं वजन दोन-चार ग्रॅम. केळ्याचं एक साल अशा दहा-पंधरा पाकिटांना भारी पडतं, मग मुलं ‘आपल्याकडे प्लॅस्टिक नाहीच’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात.

तक्त्यात एक रकाना हमखास ठेवा: पाकिटाचा फाडलेला कोपरा. पाकीट डब्यात टाकणारं मूलही कोपरा खाली सोडतं, कारण तो कचरा आहे हे त्याला जाणवतच नाही. इतका छोटा तुकडा केरसुणीत अडकत नाही आणि वेचला गेला तरी भंगारात कोणी घेत नाही. उपाय सोपा: कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पाकिटाला लटकता ठेवायचा. दुधाच्या पिशवीलाही हेच, म्हणजे गोष्ट घरापर्यंत जाते.

मग एका नगाला एक चौकोन रंगवून चित्रालेख, आणि नकाशावर प्रत्येक नगाचा ठिपका. ठिपके सहसा दाटतात ते बसायच्या कट्ट्याजवळ आणि नळाच्या वाटेवर, तर डबा उभा असतो ऑफिसच्या दाराशी. डबा ठिपक्यांत न्या. आठवड्यात एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. डबाही हलवला, प्रार्थनेत सूचनाही दिली, तर कशाने फरक पडला ते सांगता येत नाही. डब्याला हाताने उचलायचं झाकण असेल तर मुलं पाकीट वरच ठेवून पळतात. उघडा ठेवला तर कावळे सगळं बाहेर ओढतात. मधली सुट्टीभर उघडा, घंटा झाली की झाकण, आणि त्याचा मान रोज एका मुलाला.

पालापाचोळा

खताबद्दल. रंगाच्या २० लिटरच्या दोन जुन्या बादल्या, घासून धुतलेल्या. तापवलेल्या सळईने तळाला आणि बाजूंना ८-१० मिलिमीटरची भोकं, चार बोटांच्या अंतरावर. हे काम शिपाईमामांचं, मुलांचं नाही. खाली दोन विटा, म्हणजे हवा खेळते आणि पाणी निथळतं. तळाला नारळाच्या शेंड्यांचा किंवा काटक्यांचा थर.

रोज एक वाटी ओलं, वर दोन वाट्या सुका पाला. वासाची भीती आहे ना, मग हे प्रमाण मुलांकडून पाठ करून घ्या. वास येतो तो ओलं जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. आठवड्यातून दोनदा काठीने हलवा. मूठभर घेऊन दाबून बघा: थेंब गळले तर पाला घाला, मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर पाणी शिंपडा. विरजण म्हणून पेलाभर आंबट ताक पुरतं, विकतचं कल्चर लागत नाही.

पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांत भरून ठेवा, पावसाळ्यात कोरडा मिळत नाही. गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आसुपालव आणि आंब्याची चामट पानं चुरल्याशिवाय घालू नका, महिनोन्‌महिने तशीच राहतात. डब्यातली उरलेली पोळी-भाजी, तेलकट पदार्थ पहिले दीड महिना नकोच. फक्त फळांची सालं, काकडी-गाजराचे तुकडे. नाहीतर उंदीर येतात आणि मुख्याध्यापक बादली उचलायला लावतात. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना हलवताना लांब ठेवा, बुरशीची धूळ उडते.

एवढ्या लहान बादलीत ढीग तापत नाही, त्यामुळे दोन-अडीच महिने धरा. तुमच्या दीड महिन्यात खत पूर्ण होणार नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

तेवढ्यात दाखवायला काहीतरी हवं, म्हणून पुरून ठेवायचा प्रयोग करा. चार कुंड्या, ओलसर माती, केळ्याचं साल, वर्तमानपत्र, सुती चिंधी आणि बिस्किटाचा कागद. प्रत्येक वस्तू कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून पुरा, नाहीतर महिन्याने साल नेमकं कुठे होतं यावर अर्धा तास वाद. नाव कागदावर लिहून मातीत खोचू नका, तेच आधी कुजतं! फरशीच्या तुकड्यावर खडूने लिहा. कुंड्या सुकू देऊ नका, कोरड्या मातीत काहीच कुजत नाही आणि मुलांना वाटतं साल आणि प्लॅस्टिक सारखंच.

रद्दी-पत्रा

बाटलीच्या विटांना माझा विरोध. रिकाम्या बाटलीला भंगारात भाव आहे, रॅपरला नाही. रॅपर आत ठासलं की भाव असलेली वस्तूही बाद होते. वीट घट्ट व्हायला लिटरच्या बाटलीत साधारण ३३० ग्रॅम माल लागतो, म्हणजे तीन ग्रॅमची शंभराहून जास्त पाकिटं. तेवढी जमवायची म्हटल्यावर मुलं घरी चिप्सचा हट्ट धरतात. ‘सर्वांत जास्त प्लॅस्टिक कोण आणतो’ ही स्पर्धाही याच कारणाने नको.

रॅपरला भाव का नाही, ते मुलांना दाखवता येतं. पाकीट उलटं करा, आतला चंदेरी थर आणि बाहेरचा छापील थर. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही.

त्यापेक्षा वस्तीत कचरा गोळा करणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. सकाळची फेरी आणि वर्गीकरण संपल्यावरची वेळ त्यांनाच विचारा. त्यांचा वेळ जातो, त्याचे पैसे द्या, हजारात तेही धरा. मुलांनी प्रश्न आधी लिहून ठेवावेत: वह्या भिजल्या तर भाव किती पडतो? हाताला काय लागतं? फुटलेली काच कशी द्यायची? मुलांनी ‘कचरेवाली’ म्हणायचं नाही, नाव विचारायचं. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका द्यायचा, हे तिसरीला ‘बाळाचा डायपर’ एवढ्यावरच सांगितलं तरी चालतं.

तिसरीच्या बाई

नकाशा पुढच्या मंगळवारी. विटा बाद. एक राहिलं: वाढदिवसाच्या चॉकलेटांचं काय? एका वाढदिवसाला ७० कागद. आणि डबे तपासावेत का?

मोजपट्टी

डबे वर्गासमोर तपासू नका. सकाळी लवकर कामाला जाणारी आई बिस्किटाचा पुडा देते, त्यात पोराची काय चूक? वाढदिवसाचा नियम मात्र पालकसभेत करा: सुटे राजगिऱ्याचे लाडू, पेरूच्या फोडी किंवा वर्गाच्या पेटीसाठी एक गोष्टीचं पुस्तक. चिक्की सांगताना ‘सुटी’ हा शब्द चिठ्ठीत लिहा, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळलेला येतो.

पालापाचोळा

लाडू आणायचे तर स्टीलच्या डब्यात. आणि मोजणीच्या दिवशी कोणाचा वाढदिवस आहे का, ते हजेरीपटात आधी बघून घ्या.