बीचवर फुकट वाजवणं बंद करायला हवं (सर्फ संगीत, ऑरेंज काउंटी)

खारा_वारा

मूळचा रत्नागिरीचा, आता कोस्टा मेसात. दिवसा सॉफ्टवेअर, आणि गेली सहा वर्षं शनिवार-रविवार एका सर्फ बँडमध्ये बेस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन गिटारी, बेस, ड्रम, गाणारं कुणीही नाही. गिटारीचा आवाज विहिरीत कळशी बुडावी तसा ओला. १९६१ ते ६३ मध्ये हे संगीत इथेच, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फोफावलं आणि ६४ साली बीटल्स अमेरिकेत आल्यावर रेडिओवरून बघता बघता गेलं. १९९४ च्या 'पल्प फिक्शन' या सिनेमाने सर्फ गिटारवादक डिक डेलचं 'मिसर्लू' पुन्हा लोकांच्या कानावर घातलं, त्या लाटेवर आमच्यासारखे बँड अजून तरंगताहेत.

आता दुखणं. बँडची माणसं जमवणं, पोस्टर, फेसबुक हे सगळं माझ्या गळ्यात आहे. उन्हाळाभर आम्ही रविवारी बीचवर फुकट वाजवतो. लोक आइस्क्रीम हातात घेऊन थांबतात, पंधरा सेकंद मोबाइल वर धरतात आणि जातात. ऑक्टोबरमध्ये एका बारमध्ये तीन बँडचा तिकिटाचा कार्यक्रम लावला. फेसबुकवर 'येणार' म्हणणारे ११८. आले २२. त्यातले काही इतर बँडवाल्यांचे नवरे-बायका, पण त्यांनीही बिचाऱ्यांनी तिकीट काढलं. दहा डॉलरप्रमाणे २२० जमले, साउंडवाल्याचे १०० गेले, उरलेल्या १२० चे तीन भाग. चौघांत चाळीस डॉलर. माझा पेट्रोलचा खर्च त्याहून जास्त.

माझं मत स्पष्ट आहे. पुढच्या वर्षापासून इथल्या सगळ्या सर्फ बँडनी ठरवून फुकट वाजवणं बंद करावं. शेजाऱ्याने दिलेला आंबा माणूस येता-जाता खातो, स्वतः विकत आणलेल्या पेटीतल्याची कोयसुद्धा चोखतो. हाणा आता.

अण्णा_ठाणेकर

आधीच सांगतो, हलके घ्या.

तुमचं निदान मान्य, औषध साफ चूक. दिवाळी पहाटेला आमच्या ठाण्याच्या तलावपाळीवर मुंगी शिरायला जागा नसते. त्यातला एखादा गायक महिन्याभराने गडकरी नाट्यगृहात तिकीट लावून गायला की मागच्या निम्म्या रांगा रिकाम्या. म्हणून काय पहाट बंद केली तर ती गर्दी गडकरीला येणार आहे? ती घरी चकल्या खात बसेल. पहाटेला येणारा नवे कपडे दाखवायला येतो, आणि तुमच्या बीचवरचा आइस्क्रीमवाला समुद्र बघायला. दोघेही तुमचं गिऱ्हाईक कधी नव्हतेच, मग त्यांच्यावर रुसून फायदा काय?

तिसरी_तार

असहमत, दोघांशीही. तिकीट की फुकट हा वादच दुय्यम आहे.

१९६१ मध्ये डिक डेलने न्यूपोर्ट बीचच्या बाल्बोआतला रॉन्देव्हू बॉलरूम, म्हणजे नाचाचा हॉल, घेतला. तो स्वतः सांगायचा की पहिल्या रात्री आले सतरा जण, सगळे त्याचे लाटांवरचे मित्र. पोरांनी टाय लावला तरच नाच, अशी शहराची अट होती, म्हणून दारात टाय वाटले. अनवाणी पोरं, गळ्यात टाय! पुढे त्याच हॉलमध्ये एका रात्रीत हजारोंनी पोरं नाचायला लागली. दारू नाही, खुर्च्या नाहीत. 'स्टॉम्प' म्हणजे जमिनीवर धाडधाड पाय आपटणं, बस्स.

आणि वाजवणारे कोण? 'पाइपलाइन'वाले शँटेज सांता आनाच्या हायस्कुलातले. 'वाइप आउट'वाले सर्फॅरिस ग्लेंडोराचे, तेही शाळकरीच. बेल-एअर्सची तीच गत. आज ते संगीत तुम्ही कुठे लावता? रात्री साडेदहाला, बारमध्ये, जिथे २१ च्या खालच्याला दारात अडवतात. सोळा वर्षांच्या पोरांनी केलेली चीज सोळा वर्षांच्या पोराला ऐकायला बंदी! तुमच्या २२ जणांत पन्नाशीच्या आतले किती होते ते सांगा.

आणखी एक. डेलचा तो अजस्र आवाज आला कुठून? फुलर्टनचा गिटार बनवणारा लिओ फेंडर त्याला अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा, हा ते जाळायचा. भरलेल्या हॉलमध्ये नाचणाऱ्यांची अंगंच आवाज गिळतात, म्हणून १५ इंची स्पीकरचा नवा अ‍ॅम्प घडवावा लागला. म्हणजे या संगीताचा नादच गर्दीच्या पायाखाली घडला. तो तुम्ही बसलेल्या लोकांसमोर वाजवता आणि वर म्हणता लोक येत नाहीत.

खारा_वारा

@तिसरी_तार, इतिहास पाठ आहे हो. पन्नाशीच्या आतले पाच होते, त्यात मी एक.

पण हिशेब करा. बार आम्हाला जागा फुकट देतो कारण बिअर खपते. बिअर काढली की हॉलचं भाडं, एका दिवसाचा विमा, साउंड सगळं आमच्या खिशातून. सोळा वर्षांचं पोर काय देणार? आणि इथल्या काही जागा तर उलटं करतात: बँडच्या हातात तीस तिकिटं ठेवतात, विका नाहीतर फरक भरा. एकदा भरलाय. त्या रात्री माझी सासू पुण्याहून आली होती, तिच्याही नावावर एक तिकीट फाडलं.

मीनल_लाँगबीच

मी त्या आइस्क्रीमवाल्यांतली. खरंच. जुलैमध्ये हातात कोन घेऊन उभी होते.

माझा मुलगा चौदाचा. तो ड्रमवाल्यासमोर चाळीस मिनिटं हलला नाही. मुलाला चाळीस मिनिटं एका जागी बघून मला वाटलं त्याला ताप आलाय का. घरी येऊन त्याने तुम्हाला शोधायचा प्रयत्न केला आणि सापडला नाहीत, कारण बँडचं नावच कुठे नव्हतं! ना बोर्ड, ना कागद. मधे कुणी माइकवर काहीतरी पुटपुटलं ते वाऱ्यात गेलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओखाली नाव मिळालं. पुढचा कार्यक्रम बघितला तर बार, २१ च्या पुढे, रात्री दहा. त्याने लॅपटॉप बंद केला.

तुम्ही वर्षभराची जाहिरात बीचवर फुकटात करून बसलाय आणि दुकानाचा पत्ता द्यायला विसरलाय. आणि बंद काय करायचं म्हणता, तर जाहिरात?

खारा_वारा

बोर्ड नव्हता, कबूल. नाव बास ड्रमवर मोठ्या अक्षरात आहे, पण उकडत होतं म्हणून त्याच्यापुढे पंखा ठेवला होता. सीडी-टीशर्टचं टेबल लावायला परवान्यात मनाई होती.

तरी माझा मुद्दा राहतो. एका मुलामागे दोनशे लोक नुसते निघून जातात, आणि ज्यांना खरंच आवडतं ते म्हणतात, 'कशाला तिकीट, उन्हाळ्यात ऐकूच.' हे मला तोंडावर सांगितलेलं आहे, नेहमीच्या माणसाने.

बोरीबंदर

अवांतर: आपण सर्फ गिटार पहिल्यांदा ऐकली ती १९६५ च्या 'गुमनाम'मध्ये. शंकर-जयकिशन, रफी, पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्स हा बँड, आणि लक्ष्मी छाया मानेला झटके देत नाचतेय. 'जान पहचान हो'ची सुरुवात काढून बघा. ते वाजवा की! देशी लोक धावत येतील.

अण्णा_ठाणेकर

+१. गणपतीत मंडळात वाजवा. हॉल तयार, लोक तयार, वर प्रसाद.

खारा_वारा

वाजवतो ते. आमच्या गोऱ्या मंडळींना ती धून इथलीच कुणाचीतरी जुनी वाटते, मी सांगतही नाही.

मंडळाचाही प्रयोग केलाय. तिसऱ्या मिनिटाला एक काका स्टेजजवळ आले, म्हणाले, 'छान आहे, जरा हळू वाजवाल का, गप्पा ऐकू येत नाहीत.' पुढचा अर्धा तास आम्ही ओल्या आवाजातलं लिफ्टमधलं संगीत वाजवलं.

तिसरी_तार

आणि मंडळातून गर्दी आली तरी ती तुमच्यासाठी आलेली, सर्फसाठी नव्हे. ओळखीपाळखीच्या प्रेक्षकांवर कार्यक्रम भरतो, पुढच्या महिन्यात त्याच ओळखीला पुन्हा तोंड दाखवता येत नाही. सत्तरच्या दशकात आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेत नाटकं लावली. साधी शाळा, पण जागा ठरलेली. काय लागलंय ते न बघता जाणारे लोक होते, 'छबिलदासला जाऊ' म्हणायचे. तुमचे बँड दर महिन्याला वेगळ्या बारमध्ये. लोकांनी कुठे जाऊ म्हणायचं?

सागरगोटा

हे मात्र पटलं. मी इटलीत असते, लिव्होर्नोला सर्फर जो नावाचा उन्हाळी महोत्सव बघितलाय. समुद्राला लागून, जगभरातले बँड, आणि त्याच नावाचं डायनर तिथेच. टस्कनीच्या बंदराचा कॅलिफोर्नियाशी काय संबंध? काही नाही. पण सर्फ संगीत म्हटलं की युरोपातले लोक त्या एका गावाचं नाव घेतात. ज्यांच्या गावात ते जन्मलं त्यांना महिन्यातून एक ठरलेला वार जमू नये?

अण्णा_ठाणेकर

महोत्सव आणि महिन्याचा वार यांत गल्लत नको. महोत्सवाला माणूस रजा काढून जातो. आमच्या पुण्याच्या मेहुण्याचं बघा, सवाईला न चुकता जातो आणि वर्षभर एका मैफिलीला जात नाही. तुमचा वार ठरेल, पहिल्या महिन्यात ४० येतील, चौथ्यात १५. तेव्हा हॉलचं भाडं कोण भरणार, तिसरी_तार?

तिसरी_तार

पुण्यातून मी काय भरणार. पण चौथ्या महिन्याच्या १५ जणांत पाच जण गिटार शिकायला लागलेले असतील तर सहाव्या महिन्यात नवा बँड असतो, आणि नवा बँड त्याचे मित्र घेऊन येतो. ६१ ते ६३ मध्ये हेच झालं. ऐकणारे आणि वाजवणारे वेगळे नव्हते. तुमच्याकडे आज सहा-सात बँड असतील, त्यातले किती गेल्या पाच वर्षांतले?

खारा_वारा

एक. आणि त्यांचा ड्रमर आमचाच जुना.

बरं, ऐका. काल बँडच्या मीटिंगमध्ये विषय काढला. माजी सैनिकांचा एक छोटा हॉल आहे, रविवारी दुपारी रिकामा असतो. भाडं बारच्या मानाने डोक्यावर पडतं, पण तीन बँडनी वाटून घेतलं तर फेब्रुवारी ते मे चार महिने निघतील. मोठ्यांना दहा डॉलर, अठराच्या खालच्यांना काही नाही. आमचा ड्रमर म्हणतो, दुपारी चारला बिअरशिवाय वाजवणं म्हणजे शाळेचं गॅदरिंग. गिटारवाला तयार आहे, कारण रात्री दहानंतर त्याची पाठ धरते.

पण चौथ्या महिन्यापर्यंत बीचवर फुकट वाजवायचं नाही या अटीवर मी ठाम. निदान त्याच महिन्यात तरी नाही.

अण्णा_ठाणेकर

म्हणजे मुलांना फुकट आणि समुद्रालाच तेवढी बंदी. चालू द्या.

मीनल_लाँगबीच

बीचवर एकदा तरी वाजवा, पंखा बाजूला ठेवून, हॉलचा पत्ता लिहिलेला बोर्ड उभा करून. ज्या दिवशी तुमचा कार्यक्रम त्याच्या आदल्या रविवारी. तिथे किती थांबतात आणि हॉलला किती येतात ते मोजा, मग हवं तर बंद करा. मोजायला मुलगा देते.

खुर्च्या मांडणार आहात का?

खारा_वारा

भिंतीला लावून. मधली जागा मोकळी. पण एकदाच हं, मार्चमध्ये, आणि बोर्ड मी रंगवणार नाही.

मीनल_लाँगबीच

बोर्ड मुलगा रंगवेल. तो हॉल मला वाटतोय तोच असेल तर रविवारी चारला तिथे पार्किंग मिळत नाही, शेजारच्या चर्चची गर्दी असते. पाच करा.