मदत हवी आहे: शेरीफ ऑफिसमधली पदं, बढती आणि मुलाचा अर्ज (व्हर्जिनिया)

साताऱ्याची_लेक:

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात, लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) राहतो. मुलाचं क्रिमिनल जस्टिसचं शिक्षण संपत आलंय आणि त्याला डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा वर्दीतला अधिकारी, व्हायचंय. आयटी नको, एमबीए नको, वर्दीच हवी म्हणतो. आमच्या लाउडनचं शेरीफ ऑफिस आणि शेजारच्या फेअरफॅक्सचं, असे दोन अर्ज भरतोय. दोन्हीकडे पदाचं नाव डेप्युटी शेरीफ. काम मात्र पार वेगळं.

लाउडनमध्ये काउंटीचं वेगळं पोलीस खातं नाही. गस्त, तपास, वाहतूक, तुरुंग, कोर्टाचा बंदोबस्त, सगळं शेरीफकडे. लीझबर्ग, पर्सलव्हिल अशा गावांचे पोलीस तेवढे निराळे. फेअरफॅक्समध्ये ९११ला फोन केला की येतात ते काउंटी पोलीस, आणि त्यांचा चीफ काउंटी बोर्ड नेमतं. तिथल्या शेरीफकडे तुरुंग, कोर्टाची सुरक्षा, समन्स आणि घर खाली करण्याचे हुकूम बजावणं. आपल्याकडचं कारागृह खातं, कोर्ट ड्युटी आणि बेलीफ एकाच साहेबाच्या हाताखाली दिले तर जे होईल, साधारण ते.

पदांची चढण मला समजली ती अशी: डेप्युटी, काही काउंट्यांत मध्ये कॉर्पोरल, मग सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, त्यावर चीफ डेप्युटी किंवा अंडरशेरीफ, आणि सगळ्यात वर शेरीफ. माझे वडील, आमचे दादा, जिल्हा पोलिसांतून हवालदार म्हणून रिटायर झाले. आमच्या कॉलनीत आलेल्या एका सार्जंटचा फोटो त्यांना पाठवला, तर बाहीवरच्या तीन फिती बघून म्हणाले, "हा तर आपल्यातलाच की गं! फिती तेवढ्या उलट्या शिवल्यात." आपल्याकडे फितीचं टोक खाली, इथे वर. पण हा सार्जंट पाळीतल्या डेप्युटींचा वरिष्ठ. त्यांचे रिपोर्ट तपासणार, गंभीर प्रसंगी जागेवर जाऊन सूत्रं हातात घेणार. कामाने तो पीएसआयच्या जवळचा वाटतो मला.

दादांना पचत नाही ते वेगळंच. इथे पीएसआयची थेट भरती नाही आणि आयपीएससारखा वरून येऊन बसणारा तरुण साहेबही नाही. बहुतेक सगळे डेप्युटीपासूनच चढतात. फक्त शेरीफ लोक निवडून देतात, दर चार वर्षांनी. "म्हणजे एसपी दारोदार मतं मागत फिरतो?" फिरतो की! पाट्याही लागतात रस्तोरस्ती.

आणि माझी काळजी तिथेच आहे. नोव्हेंबर २०२७ मध्ये इथे पुन्हा निवडणूक. नवा शेरीफ आला तर खालच्यांच्या नोकरीचं काय? दुसरं, तुरुंगात लागलेल्या पोराला पुढे गस्तीवर जाता येतं का, की त्याच वाटेने वर चढायचं? माहीतगारांनी प्रकाश टाकावा. "पोराला समजवा" हा सल्ला सासूबाईंकडून रोज मिळतोय, तो नको.

निवांत_गडी:

शेरीफ म्हटलं की मला मुंबईचे नगरपाल आठवतात. सुनील गावसकरही होते एकदा. मानाचं पद, वर्षभराचं, ना तुरुंग ना गस्त. तसलं काही असेल तर माझाही अर्ज भरा ताई.

पोटोमॅककाठी:

ताई, तुमची काळजी अगदीच फुकाची नाही. व्हर्जिनियात डेप्युटीला शेरीफ नेमतो आणि नेमणूक शेरीफच्या मुदतीशी बांधलेली असते. लाउडनचंच घ्या. २०१५ ला एका डिटेक्टिव्हने शेरीफच्या प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला, निवडणुकीनंतर त्याची पुन्हा नेमणूक झाली नाही. तो कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये फोर्थ सर्किट अपील कोर्टात (व्हर्जिनिया ज्याच्या हद्दीत येतं ते केंद्रीय अपील कोर्ट) हरला.

आता याच कोर्टाचा २०१३ चा हॅम्प्टन शहराचा निकाल बघा. तिथेही २००९ च्या निवडणुकीनंतर विरोधी उमेदवाराच्या बाजूचे काही कर्मचारी घरी गेले. एकाने त्या उमेदवाराचं फेसबुक पान लाइक केलं होतं. लाइक करणं हेही अभिव्यक्तीच, असं कोर्टाने म्हटलं आणि तुरुंगात काम करणाऱ्या डेप्युटींचे दावे पुढे चालू दिले. पदाचं नाव दोन्हीकडे तेच, पण कोर्टाने बघितलं ते रोजचं काम काय आणि शेरीफचा माणूस म्हणून तो किती वावरतो ते. एरवी नवा शेरीफ पहिला हात घालतो तो चीफ डेप्युटी, मेजर अशा वरच्या खुर्च्यांना. पाळीवरच्या पोराला काढून त्याचं काय भलं होणार? माणसं मिळत नाहीत म्हणून सगळे रडताहेत.

कॅलिफोर्नियाकर:

आमच्या लॉस एंजेलिस काउंटीत नवा डेप्युटी आधी तुरुंगातच जातो, गस्त नंतर, ही जुनी रीत. हुद्देही जरा वेगळे: मेजर नाहीच. कॅप्टन हा एका स्टेशनचा प्रमुख, तुमच्या दादांच्या भाषेत पीआय. त्यावर कमांडर, चीफ, असिस्टंट शेरीफ, अंडरशेरीफ. शिवाय चाळीसहून जास्त शहरं स्वतःचे पोलीस न ठेवता पैसे देऊन शेरीफचीच माणसं घेतात, त्यामुळे जागा भरपूर. एका काउंटीचा तक्ता दुसरीला लावू नका. आणि सार्जंट होऊन काउंटी बदलली तर बहुधा पुन्हा डेप्युटीपासून सुरुवात, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

साताऱ्याची_लेक:

@पोटोमॅककाठी, खूप आभार. हॅम्प्टनची गोष्ट दादांना सांगितली, तर म्हणाले, "आधी त्याचं फेसबुक बंद कर." पोरगं फेसबुकवर नाहीच म्हणा.

@कॅलिफोर्नियाकर, काउंटी बदलण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

@निवांत_गडी, अर्ज पाठवा, पण इथे तुरुंगही आहे आणि गस्तही.

आता एवढंच राहिलं: लाउडनमध्ये तुरुंगातून गस्तीवर बदली किती वर्षांनी मागता येते? आत काम करणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.