मदत हवी आहे: घोडीच्या अंगावर चट्टे, काय लावू?

मांजरीकर:
घोडीच्या अंगावर चट्टे उठलेत. मलम लावून झालं, उपयोग शून्य. गणपतीच्या मिरवणुकीची सुपारी घेतलीय, हातात फार दिवस नाहीत. काय लावू तेवढं सांगा.

खरारा:
अंगावर म्हणजे कुठे? पाठीवर, तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली), आयाळीत, पोटाखाली? गोल की वेडेवाकडे? खाजवते का? केस तुटलेत की खपलीसकट निघतात? मलम कुठलं? फोटो टाका.

जुनी_पागा:
खुणा बघायच्या तर आधी कंठावर देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, आहे का ते बघावं. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी, तिला वरातीत मान असतो. रंग कोणता आहे? कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, असेल तर उत्तम.

स्पष्टवक्ता:
काका, त्यांनी घोडी विकायला काढलेली नाही.

दूधवाला_दौंड:
गोचीड, दुसरं काय. अमिट्राझ साडेबारा टक्केवालं आणा, लिटरला २ मिली, अंगभर फवारा. आमच्या म्हशींना तेच मारतो.

खरारा:
म्हशीला मारा, घोडीला नको! अमिट्राझनं घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. चट्टे राहतील बाजूला, घोडी जमिनीवर लोळत असेल. गोचीड असतील तर शेपटीच्या बुडाशी, कानात, मांड्यांच्या आतून हात फिरवला की हाताला लागतात, त्यासाठी अंदाज कशाला?

मांजरीकर:
फोटो चढत नाहीये, साइझ मोठी म्हणतंय. डाव्या कोपराच्या मागे पाच-सहा आणि खांद्यावर दोन. रुपयाएवढे गोल, त्यातले दोन एकमेकांत मिसळलेत. खाजवत नाही. पावसात बाहेरच बांधलेली असते. मलम मेडिकलवाल्यानं दिलं, क्लोबेटासोल लिहिलंय. आता तरी सांगाल का?

घाटमाथा:
पावसात बांधलेली ना? मग विषयच संपला. रेन स्काल्ड. डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू, कातडी सतत ओली राहिली की धरतो. कोरड्यात बांधा, ओल्या अंगावर झूल टाकू नका, आठ दिवसांत फरक.

खरारा:
कोरड्यात बांधा हे बरोबर, निदान पटत नाही. रेन स्काल्डची खपली हलकेच उचलली तर केसांचा झुपका मुळासकट तिला चिकटून येतो, रंगाऱ्याच्या ब्रशासारखा. खाली गुलाबी ओलसर कातडी, ताजी असेल तर पिवळट पू, आणि घोडी अंग चोरते कारण दुखतं. पाणी जिथे मुरतं आणि ओघळतं तिथे ते जास्त, म्हणजे पाठ आणि मागचे पुठ्ठे. इथे कोपरामागे, तंगाच्या रेषेत, गोल आणि बिनखाजेचे. केस बुडाशी तुटलेले आणि वर राखाडी कोंडा असेल तर पहिला संशय गजकर्णाचा, म्हणजे बुरशीचा.

आणि ते मलम आजच बंद करा. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड. लाली दबते, म्हणून बरं वाटतं, पण बुरशीला मोकळं रान मिळतं.

घाटमाथा:
जिवाणू तंगाखाली होतच नाही असं थोडंच आहे? घाम, घर्षण, ओल, तिन्ही तिथे आहेत.

खरारा:
होतो. म्हणूनच नुसत्या वर्णनावर पैज लावत नाही, तपासून घ्या म्हणतो.

टॉर्चवाला:
तपासायला लॅब कशाला? नोटा बघायचा यूव्ही टॉर्च रात्री मारा. हिरवं चमकलं की गजकर्ण, नाही तर नाही.

खरारा:
"नाही तर नाही" हेच चुकतं. घोड्यात बहुतेक वेळा असते ती ट्रायकोफायटॉन इक्वायनम ही बुरशी, आणि ती चमकतच नाही.

चिंतातुर_जंतू:
ग्लँडर्स, तो घोड्यांचा जीवघेणा साथरोग, तर नाही ना? २००६ साली महाराष्ट्रात निघाला होता. माणसालाही होतो म्हणे.

स्पष्टवक्ता:
होतो, पण तो असा दिसत नाही. ग्लँडर्समध्ये कातडीखाली गाठी एका ओळीत उठतात, बऱ्याचदा मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, त्या फुटून मधासारखा चिकट पू येतो. नाकातून शेंबूड, ताप. तसं दिसलं तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं, जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. नाण्याएवढ्या कोरड्या चट्ट्यांवरून धागा पेटवू नका.

खरारा:
मांजरीकर, तंग किंवा झूल दुसऱ्या घोड्याला वापरलीत का? आणि घोडी हाताळणाऱ्या कुणाच्या अंगावर काही उठलंय का?

मांजरीकर:
तंग आषाढात एका पाहुण्याच्या घोड्याला दिला होता. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हे सुरू झालं. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या हातावर लाल रिंगण आलंय, पण तो म्हणतो घामानं. त्याचा इथे काय संबंध?

घाटमाथा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी जिवाणूचं नाव काढलं नसतं. गजकर्णच असणार.

खरारा:
मोतद्दाराला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा, घोडीचं मलम त्याला लावू नका.

घोडीचं आधी नमुना, मग औषध. कडेचा चट्टा निवडा, स्पिरिटनं पुसून वाळू द्या. चट्ट्याच्या मधले नाही, कडेचे तुटके केस चिमट्यानं उपटा, शिवाय बोथट ब्लेडनं कडेचा कोंडा खरवडा. कोऱ्या कागदी पाकिटात भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि भलतीच बुरशी वाढते. जवळच्या पशुवैद्यकाची चिठ्ठी घेऊन पुण्यातल्या औंधचा रोग अन्वेषण विभाग किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, जाण्याआधी फोन करून विचारा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये केस ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळू शकतं, कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, मात्र दोन-तीन आठवडे लागू शकतात.

नमुना दिला की कल्चरसाठी थांबू नका. पशुवैद्यकाला विचारून क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि मायकोनॅझोल २ टक्के असलेला शाम्पू आणा, कुत्र्यांचा मिळतो तोच. आठवड्यातून दोनदा, चट्ट्याभोवती चार बोटं जादा जागा धरून. फेस घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. लोक इथेच घाई करतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. धुवा, पूर्ण वाळवा. खराऱ्याच्या घासणीनं घासू नका, बीजाणू अंगभर पसरतात.

मांजरीकर:
मिरवणुकीपर्यंत जाईल का?

खरारा:
नाही. गजकर्ण बहुतेक घोड्यांत एक ते तीन महिन्यांत जातं, औषधानं पसरायचं थांबतं आणि लवकर आटोपतं इतकंच.

ढोलपथक:
काळं बूट पॉलिश मारा, वर झूल. गर्दीत कोण बघतंय?

स्पष्टवक्ता:
गर्दीतली पोरं घोडीला हात लावतात, तोच हात घरी नेतात. शिवाय झूल टिकवायला तंग आवळावा लागणार, म्हणजे चट्ट्यावर पुन्हा घर्षण. मंडळाला आजच फोन करा, अजून दुसरी घोडी मिळेल. दोन दिवस आधी सांगितलंत तर शिव्या खाल.

मांजरीकर:
बघतो. खोगीर आणि तंगाचं काय? जाळायचे का? खोगीर चामड्याचं आहे, महाग आहे.

खरारा:
जाळू नका. सुती तंग आणि झुलेचं अस्तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि कडक वाळवा. बादल्या, खरारा, लाकडी खुंट आधी घासून माती काढा, मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, १० मिनिटं. माती राहिली तर ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. चामड्याला ब्लीच लावू नका, तडकेल. त्याला खोगिराच्या साबणानं स्वच्छ करून क्लोरहेक्सिडिनच्या पातळ द्रावणानं पुसा, सावलीत वाळवून तेल द्या. आणि पाहुण्यांना कळवा, त्यांचा घोडाही बघावा लागेल.