रॉक कॉन्सर्टला एवढं अवाढव्य स्टेज खरंच लागतं का?

वरचा_स्टँड
१५ डिसेंबर २०१९ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला यू-टू या आयरिश रॉक बँडचा शो बघितला होता, त्यांच्या जोशुआ ट्री अल्बमच्या टूरचा शेवटचाच शो तो. परवडेल ते तिकीट घेतलं म्हणजे पार वरच्या स्टँडमधलं. तेव्हापासून माझा आणि मावसभावाचा एकच वाद चालू आहे, काल जेवताना परत झाला म्हणून इथे विचारतोय.

सुरुवातीची चार-पाच गाणी ते चौघे पब्लिकच्या मधोमध काढलेल्या छोट्या स्टेजवर वाजवत होते, मागचा व्हिडिओचा पडदा बंद, फक्त दिवे. वरून मला ते काडेपेटीतल्या काड्यांएवढे दिसत होते. मग ते मागे मोठ्या स्टेजवर गेले आणि तो पडदा पेटला, २०० फूट रुंद, ४५ फूट उंच, नुसता लालभडक आणि त्याच्यापुढे चौघांच्या काळ्या आकृत्या, आणि गिटार सुरू झाली. सरसरून काटा आला अंगावर, शेजारचे अनोळखी काका माझा दंड घट्ट धरून उभे होते.

भाऊ खाली होता, छोट्या स्टेजला अगदी खेटून. तो म्हणतो कॉन्सर्ट झाली ती पहिल्या पाच गाण्यांचीच, नंतर सगळे माना वर करून पडदा बघत बसले, बँडकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मला हे अजिबात पटत नाही पण नीट उत्तरही देता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

धोबीतलाव
तुमच्या भावाशी १०० टक्के सहमत. मी मुंबईच्या रंगभवन या खुल्या थिएटरच्या काळातला माणूस, तिथल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला उघड्या आकाशाखाली बसून बँड ऐकलेत आम्ही. मागे एक कापडी बॅनर, वर चार रंगीत दिवे, संपलं. शांतता क्षेत्राच्या नियमापायी तिथले कार्यक्रम बंद झाले त्याचं आजही वाईट वाटतं. तिथे गिटारवाल्याच्या बोटांकडे बघायचो आम्ही कारण बघायला दुसरं काही नव्हतंच, आणि बँड कच्चा असेल तर दुसऱ्या गाण्याला सगळ्यांना कळायचं. लपायला जागा नव्हती.

आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीचं काय झालं आठवा. भरजरी शालू, उंची गालिचे, अत्तरं, आणि शेवटी मंडळी कर्जात बुडाली. लोक पदं ऐकायला यायचे हो, गालिचे बघायला नाही. आज अमेरिकन गायक बॉब डायलन बघा, २०२१ पासूनच्या टूरला फोन पिशवीत कुलूपबंद करून घेतात, दिवे मंद, मोठा पडदा नाही, आणि ऐंशी पार केलेला माणूस पियानोशी बसून गातो. ज्याला ऐकायचंय तो ऐकतो.

चौथी_भिंत
धोबीतलाव, तुमच्याबद्दल आदर आहे पण बालगंधर्वांचं उदाहरण उलटं पडतं असं मला वाटतं. ते वैभवसुद्धा लोकांनी पुढे पन्नास वर्षं डोळ्यात पाणी आणून सांगितलंच ना.

आणि पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचं काय करणार? १९७७ ला माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये पुढे आरडाओरडा करणाऱ्या एका चाहत्यावर त्यांचा गायक आणि बेसवादक रॉजर वॉटर्स थुंकला, नंतर त्याचं त्यालाच ते भयंकर वाटलं, आणि त्यातून आपल्यात आणि श्रोत्यांत भिंत आहे ही कल्पना आली. मग 'द वॉल' अल्बमच्या १९८०-८१ च्या शोमध्ये गाणी चालू असतानाच कामगार पुठ्ठ्याच्या विटा रचत जायचे आणि मध्यंतरापर्यंत अख्खा बँड भिंतीआड गायब. आता ही भिंत काढून टाका आणि तीच गाणी चार दिव्यांखाली वाजवा, राहतील का तशी? तिथे स्टेज हाच गाण्याचा अर्थ आहे. एवढं अवजड होतं ते की फक्त चार शहरांत ३१ शो झाले आणि बँडला तोटाच झाला. पैसे सुटले ते एकट्या कीबोर्डवाल्या रिक राइटला, कारण त्याला बँडमधून काढून पगारावर ठेवलेलं होतं.

म्हणून मला मोठं की साधं हा प्रश्नच पटत नाही. गाण्यातून आलंय की वरून चिकटवलंय एवढंच मी बघते. २००७ ला मुंबईच्या बीकेसीत वॉटर्स ऐकलाय मी आणि अजून कधीकधी रात्री ते आठवून झोप उडते.

एडी_भक्त_पुणे
+१ चौथी_भिंत. १ फेब्रुवारी २००८, आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड, मुंबई!! अख्ख्या वर्ल्ड टूरचा पहिला शो आपल्याकडे, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवणाऱ्या पायलटांपैकी, आणि बँड, क्रू, स्टेजचं सामान सगळं त्याच विमानात. आम्ही पुण्याहून सात जण गेलो होतो. तो इजिप्तचा सेट आणि एडी, म्हणजे बँडचं ते राक्षसी पात्र, स्टेजवर आला तेव्हा जे ओरडलो ते चार दिवस आवाज बसला. एडीशिवाय मेडन म्हणजे मखराशिवाय गणपती, पूजा होईल पण मन भरणार नाही.

डिमर_रॅक
मी लाइटवर काम करतो, ऑर्केस्ट्रा, कॉलेज फेस्ट वगैरे, एवढ्या मोठ्या टूर नाही केल्या, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

मोठ्या प्रॉडक्शनची खरी किंमत पैशात नाही, वेळेत मोजावी लागते. पडद्यावरचा व्हिडिओ, दिवे, आगीचे फवारे सगळं एकाच क्षणी व्हायचं असेल तर बहुतेक ठिकाणी ते टाइमकोडवर, म्हणजे सगळ्या यंत्रांना एकत्र चालवणाऱ्या एकाच घड्याळावर बांधतात, मग ड्रमरच्या कानात लय दाखवणारा क्लिक वाजत राहतो आणि बँडला त्याच्याबरोबरच जावं लागतं. पब्लिक रंगात आलंय, आणखी दोन आवर्तनं घेऊ या म्हटलं तरी घेता येत नाहीत, कारण व्हिडिओ थांबत नाही. एका फेस्टला आमचा लॅपटॉप मध्येच अडकला, बँड पुढे गेला आणि पडदा मागे राहिला, ती दीड मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. उलट अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, मागे पडदे असतात त्याच्याही, पण त्यावर नुसता कॅमेरा, म्हणून तो पब्लिकच्या हातातले फलक बघून फर्माइशीचं गाणं लगेच घेऊ शकतो. २०१२ ला हेलसिंकीला चार तासांच्या वर वाजवलंय त्याने. सगळं आधी बांधून ठेवलं असतं तर हे जमलं नसतं.

आता दुसरी बाजू. साधं म्हणजे स्वस्त किंवा सोपं असं समजू नका. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ मध्ये निव्वळ आवाज स्वच्छ यावा म्हणून बँडच्या मागे स्पीकरची भिंत उभी केली, सुमारे ७५ टनांची, ती वाहून नेण्याच्या खर्चाने इतके टेकीला आले की त्या वर्षाअखेर टूरच थांबवल्या. आणि वरच्या स्टँडवाल्याचा मुद्दा खरा आहे. १०० मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, म्हणजे तुम्हाला ड्रमची काठी आधी दिसते आणि ठोका मागून येतो. म्हणून मैदानात मध्ये मध्ये स्पीकरचे टॉवर लावतात आणि त्यांना तेवढाच उशीर देतात. स्टेडियममध्ये शो करायचं ठरलं की साधेपणा तिथेच संपला, मागच्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं.

धोबीतलाव
हे टाइमकोडचं माहीत नव्हतं, छान समजावलंत. माझ्या मनात जे टोचत होतं ते हेच, गाणं लांबवता न येणं. चौथी_भिंत, तुमची ती भिंतही मान्य. पण मग शो स्टेडियममध्येच का, दहा छोट्या हॉलमध्ये दहा दिवस करा की.

चौथी_भिंत
दहा दिवस मुंबईत थांबणारा बँड मिळाला तर मी दहाही दिवस येते काका.

वरचा_स्टँड
सगळ्यांना मनापासून थँक्यू. भावाला अख्खा धागा वाचायला दिला. तो म्हणाला की छोट्या स्टेजवर असताना ड्रमरच्या हाताची शीर त्याला दिसत होती, आणि हे मला वरून कधीच दिसलं नसतं. खरंय. पण तो लाल पडदा त्याला इतक्या जवळून अर्धाच दिसला, पूर्ण मला दिसला. डिमर_रॅक, पुढच्या वेळी खालचं तिकीट काढलं तर नेमकं कुठे उभं राहू?

डिमर_रॅक
पब्लिकच्या मध्ये आवाजाचं मिक्सिंग कन्सोल असतं त्याच्या आसपास, थोडं पुढे. साउंडवाला तिथे उभा राहूनच मिक्स करतो त्यामुळे त्याला ऐकू येतं तेच तुम्हाला येईल, आणि तिथून स्टेज पूर्णही दिसतं. कानात घालायचे बोळे मात्र घेऊन जा.