निफाडकडचं आमचं मूळ आडनाव कुठे शोधायचं?

निफाडकर८७
नमस्कार मंडळी, गाव निफाड तालुक्यातलं, आता आम्ही सगळे पाटील लावतो पण आजी सांगायची की सोयरीक जुळवताना आपण जाधव सांगायचं. पणजोबांचा शाळेचा दाखला काढला तर त्यात नुसतं नाव आणि बापाचं नाव, एका फेरफाराच्या (जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीच्या) नकलेत पाटील, आणि एक जुनं खरेदीखत आहे ते मोडीत, म्हणजे आम्हाला काळं अक्षर. एका कचेरीत गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणतो आडनाव सांगा मग रजिस्टर काढतो. अहो तेच तर शोधतोय! पणजोबांच्या मागच्या दोनतीन पिढ्या मिळाल्या तरी खूप झालं. कुणी केलंय का हे?

रिटायर_तलाठी
भाऊ, आडनाव घेऊन फिरलात तर हाती काही लागणार नाही, जमीन धरून मागे जा. तुमचा आजचा गट नंबर घ्या, एकत्रीकरणाच्या, म्हणजे तुकडे जोडून गट पाडले त्याच्या, आधी त्याचा सर्व्हे नंबर काय होता ते भूमी अभिलेखमधून काढा, बरेच जण इथेच चुकतात, गट नंबरलाच सर्व्हे नंबर समजून भलत्याच्या घराण्याचे कागद गोळा करतात. मग त्या सर्व्हे नंबरचे फेरफार एकेक करत मागे. वारसाचा फेरफार म्हणजे सोनं, मयताचं नाव, मुलं, विधवा, कधीकधी सुनासुद्धा. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतरची, त्याच्या मागे जायचं तर शेतवार पत्रक, कडई पत्रक हे जमिनीचे जुने कागद मागा. नाशिक जिल्ह्याचं बरंच जुनं रेकॉर्ड स्कॅन झालंय, आपले अभिलेख पोर्टलवर आधी बघा, उगाच पेट्रोल जाळू नका. आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. त्यात जात असते, बापाचं नाव असतं, आडनाव बऱ्याचदा नसतंच.
पाटील हे तुमच्याकडे हुद्द्यावरून आलं असणार. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, आडनाव तेवढं राहिलं.

मोडी_शिकतेय
खरेदीखत लॅमिनेट करू नका प्लीज!! आमच्या काकांनी केलं, आता शाई पिवळ्या प्लास्टिकखाली दिसेनाशी झालीये. नीट उजेडात फोटो काढा, शिक्का आणि पाठची बाजू पण. तारखेला शके असेल तर ७८ मिळवा. पेशवाईतला कागद निघालाच तर साल अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, समान मयातैन व अलफ म्हणजे १२०८, त्यात ५९९ मिळवले की १८०७, वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून पुढचे काही महिने १८०८ मध्ये जातात. आणि चतुःसीमा आधी वाचून घ्या, शेजारी कोण ते कळतं, भाऊबंद बहुतेक बांधालाच असतात.

गंगापूररोडची_मावशी
हे वाचून हसू आलं कारण माझा जावई आयर्लंडचा आणि त्याचंही हेच रडगाणं. तिकडे गावापेक्षा लहान टाउनलँड असतं, आपल्या वाडी-शिवारासारखं. १९२२ मध्ये डब्लिनचं रेकॉर्ड ऑफिस जळालं त्यात बऱ्याच जुन्या जनगणना गेल्या, सगळ्यात जुन्या पूर्ण मिळतात त्या १९०१ आणि १९११ च्या. त्याआधीचं शोधायला ग्रिफिथची मोजणी, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची नोंद, १८४७ ते १८६४, त्यात कब्जेदाराचं आणि जमीन देणाऱ्याचं नाव, बायकापोरं नाहीत. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोघे असले की कंसात बापाचं नाव टाकायचे, अगदी आपल्यासारखं! आडनावाच्या आधीचं ओ आणि मॅक मध्येच गळतं, पुढच्या पिढीत परत येतं. शेवटी त्यानेही आडनाव सोडलं आणि मोजणीच्या पुढच्या दुरुस्ती वह्यांतून एकाच तुकड्याचा कब्जेदार कसा बदलत गेला ते बघितलं, तेव्हा कुठे खापरपणजोबा सापडले. तलाठी दादा म्हणतात तेच झालं की.

पंचवटीचा_पोरगा
नाशिकला रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे यजमानांच्या पिढ्यांच्या वह्या ठेवणाऱ्या गुरुजींकडे, विचारलं का? गाव आणि जात सांगा, तुमच्याकडचे कोण ते तिथेच कळेल. अस्थी घेऊन आलेल्यांनी वहीत भावांची, मुलांची नावं लिहिलेली असतात. सकाळी लवकर जा, पितृपक्षात अजिबात नको. दक्षिणा द्या आणि तुमची स्वतःची नोंदही लिहून या.

निफाडकर८७
मंडळी तुमचे पाय कुठेत. सर्व्हे नंबर मिळाला, आणि हो, आम्ही पण गट नंबरवरच बसलो होतो 😅 पोर्टलवर १९२७ चा वारसाचा फेरफार सापडला, पणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ. धाकट्याचं नाव घरात कुणालाच माहीत नाही, आजी असती तर तिला विचारलं असतं. आडनाव त्यातही नाही. शनिवारी काकांना घेऊन रामकुंडावर जातोय, मोडी ताई तुम्हाला फोटो पाठवू का?

मोडी_शिकतेय
पाठवा, पण पाठच्या बाजूचा विसरू नका.